शेवटच्या नळाचं पाणी

“भाऊसाहेब, रंग येईना.”

शेवंताक्का ग्रामपंचायतीच्या दारात उभी होती. हातात बोटाएवढी काचेची नळी, नळीत पाणी. मी तोंडासमोरचा पेपर खाली केला नाही.

“कसला रंग?”

“पिवळा. ओटीचा. टाकीच्या वरचं बघितलं, मधलं बघितलं, पार तळाचं काढून बघितलं. तिन्ही ठिकानी पानी हाय तसंच ऱ्हातंय.”

“औषधाचे थेंब जास्त टाक.”

“थेंबानं रंग येत न्हाई. पानी शुद्ध असलं तर येतो.”

“मग पावडर जास्त टाक.”

“दुप्पट टाकली. पावडर मेलीया, भाऊसाहेब.”

पावडर मेली म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. गावाच्या टाकीत रोज ब्लिचिंग पावडर कालवून टाकायची, अर्ध्या तासानं नळाचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं तर पावडरीनं काम केलं, पाणी प्यायला हरकत नाही. पिवळं झालं नाही तर त्या पाण्याची खात्री नाही. या तपासणीला सगळे ओटी म्हणतात. पावडर ओल लागून जुनी झाली की तिचा जोर जातो, मग ती टाकली काय नि चुना टाकला काय, सारखंच. आमचं पोतं तीन महिने गोदामाच्या गळक्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलं होतं. त्याची ढेकळं झाली होती, वासही उरला नव्हता. नवं पोतं आणा म्हणून शेवंताक्का तीन आठवडे माझ्या मागे लागली होती आणि मी तीन आठवडे ‘आणतो’ म्हणत होतो.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. मी, चंद्रहार डुबल, तेव्हा तळेखिंडीचा ग्रामसेवक होतो. शेवंता कुंभार ही गावची जलसुरक्षक. नवरा टाकीवर पाणी सोडायचा, तो गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं. पन्नाशीची, काटकुळी, तोंडानं फटकळ बाई. सकाळी सातला टाकीवर, आठला पाणी सोडणार, साडेआठला गावाच्या टोकाला चंपाआजी साळुंखेच्या दारात शेवटच्या नळाची ओटी करणार. तिथं आजीच्या हातचा कोरा चहा प्यायची आणि नऊला माझ्याकडे यायची. शेवटच्या नळाला पिवळं म्हणजे सगळीकडं पिवळं, असा तिचा हिशेब होता.

ओटीची नोंद रोज रजिस्टरात करायची असते. ती मी कशी करत होतो ते सांगायलाही लाज वाटते, पण सांगतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला चहा पिता पिता अख्खा महिना भरून टाकायचो. पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह. छापील पानावर एक ते एकतीस आकडे असत, माझा हात एकतीसपर्यंत जाऊनच थांबायचा. त्या वर्षी मी एकतीस एप्रिललाही तळेखिंडीचं पाणी शुद्ध करून ठेवलं होतं. तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना कोराच असे, घेऊ केव्हातरी म्हणून.

मी मुळात कामचुकार नव्हतो. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत पायाला भिंगरी लावून हिंडलो. दारोदार जाऊन संडास बांधून घेतले, पुढाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. दोन वर्षांनी बघायला गेलो, तर निम्म्या संडासांत गोवऱ्या रचलेल्या आणि एकात कोंबड्या. त्या दिवशी माझ्या आत काहीतरी आंबलं. तेव्हापासून मला पेपरचं व्यसन लागलं. रोज तीन पेपर मागवायचो. कुठं पूल पडला, कुणी मुलांच्या औषधात भेसळ केली, कुठल्या देशानं कुणाच्या दवाखान्यावर बॉम्ब टाकला, सगळं वाचायचो. पहिलं पान वाचून शिसारी यायची आणि शिसारी आली की दुसरं पान उघडायचो. मनातल्या मनात वाचून भागत नसे, मोठ्यानं वाचायचो. ऐकायला एकच श्रोता, शेवंताक्का. ती उंबऱ्यावर बसून सगळं ऐकायची, वर विचारायची, “मग? पूल पडायच्या आधी कुनी बघितला न्हवता?” मला वाटायचं, बाईला वाईट बातम्यांची चटक लागली आहे माझ्यासारखी.

त्या दिवशीही माझ्यासमोर तसलीच बातमी होती. मी तिला सुनावलं, “अक्का, हे बघ. पोरांच्या खोकल्याच्या औषधात विष घालून विकलं लोकांनी. मोठे कारखानदार. कोण काय वाकडं करतंय त्यांचं? वर नदीत रोज काळं पाणी सोडतात, ते दिसतं का कुणाला? हे जग गटार झालंय गटार. आणि तू तीन थेंबांचं काय घेऊन बसलीस?”

 नळी झटकून तिनं पाणी अंगणात टाकलं.

“उद्या यात्रा हाय,” ती म्हणाली. “घरोघर पावनं येत्यात. टाकीत पानी येतं त्या नदीची नुस्ती डबकी ऱ्हायल्यात, त्यात म्हसरं बसत्यात. ह्ये पानी मी सोडत न्हाई. नवी पावडर आना, टाकते, मग सोडते.”

आणि टाकीची किल्ली कनवटीला खोचून ती चालती झाली.

तासाभरात सरपंच आले. उत्तमअण्णा तसे सज्जन माणूस, पण यात्रेच्या आदल्या दिवशी कुठलाच सरपंच सज्जन राहत नाही.

“भाऊसाहेब, ही बाई गावाची मालकीण झाली का? बायका नळाला घागरी लावून बसल्यात. उद्या पुरनपोळी नदीच्या पान्यात शिजवायची का?”

“पावडर खराब झाली म्हणतेय.”

“मग चांगली आना!”

“तालुक्याला जावं लागेल.”

“आवं, आन मग तोवर गाव तहानेलं ठेवता का? एक दिवस पावडर न्हाई पडली तर काय मरतंय का कोन? आमी ल्हानपनी वढ्याचं पानी प्यालोय.”

माझी मोटरसायकल दारात उभी होती. टाकीत पेट्रोल होतं. तालुका अठरा किलोमीटर. जाऊन येऊन दोन तास, फार तर अडीच. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं अनेकांनी माझ्या बाजूनं सबबी शोधल्या आणि मी त्या ऐकून घेतल्या. ऊन होतं, कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. आणि डोक्यात तेच पालुपद घुमत होतं, काय फरक पडतो? एवढ्या मोठ्या सडक्या जगात एका वाडीच्या एका दिवसाच्या पाण्यानं काय फरक पडतो?

कपाटात टाकीची जादा किल्ली होती. मी उठलो, सरपंचांना म्हणालो, “तुम्ही व्हा पुढं, येईल पाणी,” आणि मागच्या वाटेनं टाकीवर गेलो. व्हॉल्व्ह माझ्या हातानं फिरवला. या गावात आल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. खाली गावात बायकांचा गलका ऐकू आला आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. रजिस्टरात काही लिहायची गरज नव्हती, त्या तारखेचं पॉझिटिव्ह मी आधीच लिहून ठेवलं होतं.

शेवंताक्काला नळाचा आवाज आला तेव्हा ती घरात भाकरी करत होती. ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर पडली आणि घराघरांत जाऊन सांगत सुटली, “पानी उकळून प्या गं बायानु, उकळून प्या.” यात्रेच्या आदल्या दिवशी पाणी कोण उकळतं? चुलीवर उद्याच्या पुरणाची डाळ होती. बायका हसल्या. एकीनं विचारलंही म्हणे, “अगं, तूच सोडलंस आन तूच उकळा म्हनतीस?” गावाची समजूत हीच होती. किल्ली तिच्याकडे, म्हणजे पाणी तिनंच सोडलं. सरपंचांनी दम दिला म्हणून उशिरा का होईना सोडलं.

यात्रा झाली, पालखी निघाली, कुस्त्या झाल्या, पाहुणे जेवून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आजारी माणसं घेऊन पहिली बैलगाडी शाळेकडे आली. दुपारपर्यंत शाळेच्या चार खोल्या भरल्या.

ते दृश्य मी कधी विसरणार नाही, आणि विसरावं असं वाटतं. मुलांचे बाक जोडून त्यावर माणसं निजवलेली. फळ्याच्या खिळ्याला, खिडकीच्या गजाला, छत्रीच्या दांड्याला सलाईनच्या बाटल्या बांधलेल्या. जमिनीवर उलट्या आणि जुलाब यांची थारोळी, त्यावर माश्या, त्यावर फिनेल. यात्रेला लग्नाच्या साड्या नेसलेल्या बायका त्याच साड्यांत घाण होऊन पडल्या होत्या, लाजेनं तोंडावर पदर घेऊन. मी दारात पोचलो, तो वास नाकात शिरला आणि मी कुंपणाला धरून भडाभडा ओकलो. डॉक्टर मला पण रोगी समजले. मी रोगी नव्हतो. माझ्या घरी विहिरीचं पाणी होतं.

शेवंताक्का आत होती. पदर खोचून, हातात खराटा घेऊन ती ते सगळं धूत होती. खोल्यांमधून तिला शिव्या पडत होत्या. “हिनंच घातलं पानी आमाला. रांडमुंड बाई, गाव खाल्लं हिनं.” एक बाई सलाईन लावलेल्या हातानं उठून तिच्या पाठीवर थुंकली. शेवंताक्कानं मागं वळून बघितलं, खराटा बादलीत बुडवला आणि त्या बाईच्या बाकाखालचं धुवायला वाकली. मी चार पावलांवर उभा होतो. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. मी डॉक्टरांना विचारलं, “आणखी सलाईन मागवू का?”

बेचाळीस माणसं आजारी पडली. एकेचाळीस घरी गेली. चंपाआजी चौथीच्या वर्गातच गेली, दुपारी दोन वाजता. तिचा मुलगा दिनकर पायाशी बसला होता. आजीचं शरीर एवढंसं झालं होतं की त्यानं तिला एकट्यानं उचललं.

गावाचे नळ बंद झाले. टँकर सुरू झाला. आणि चौकशी लागली.

विस्तार अधिकारी शेडबाळे जीपमधून आले, तेव्हा यात्रा होऊन दहा दिवस झाले होते. गोरटेले, गुळगुळीत दाढीचे, बोलण्यात तुपासारखे. त्यांनी रजिस्टर मागवलं, चष्मा लावला आणि पान उलटता उलटता हसायला लागले.

“डुबल, एकतीस एप्रिल?”

त्यांनी पुढचं पान उलटलं.

“आज दोन तारीख आहे आणि तुम्ही मे महिना पूर्ण करून बसलाय. इतकं पुढचं दिसतं तर पेपरात भविष्य लिहीत जा.” मग त्यांनी दार लोटून घेतलं. “बघा, वरून विचारणा झालीय. कुणाचं तरी नाव लागणार. तुमचं लागलं तर माझंही लागतं, मी मार्चमध्ये या दप्तरावर सही केलीय. त्यापेक्षा सोपं आहे. हे रजिस्टर फाडा. नवं करा. वीस एप्रिलपर्यंत ओटी नियमित, त्यानंतर कोरं. बाईचा जबाब घ्या की, मी तपासणी न करता पाणी सोडलं. बाई कंत्राटी. काढून टाकू. गावही शांत होईल, ते तिच्यावरच चिडलंय.”

“तिनं नाही सोडलं, साहेब.”

“मग कुणी सोडलं?”

माझी नजर जादा किल्लीच्या कपाटाकडे गेली. शेडबाळ्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं. खिशातून वेलदोडा काढून त्यांनी तोंडात टाकला.

“असू दे,” ते म्हणाले. “जबाब मीच लिहून देतो. तुम्ही फक्त सही आणा.”

त्या माणसाची मला किळस आली. इतकी, की जाताना त्यांनी हात ठेवलेला खांदा मी नंतर कितीतरी वेळ झटकत राहिलो. पण कागद मात्र घडी करून खिशात घातला. किळस येऊनही माणूस कागद खिशात घालू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेवंताक्काच्या घरी गेलो. ती अंगणात लसूण सोलत बसली होती. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. शेजारच्या बाईनं मला बघून मुद्दाम दार आपटलं.

“बसा भाऊसाहेब.”

मी बसलो. कागद काढला. वाचून दाखवला. ‘मी शेवंता रामू कुंभार, लिहून देते की’ इथपासून ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ इथपर्यंत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, जशी पेपर ऐकायची तशी.

“म्हंजी मला काढनार?”

“हो. पण अक्का, मी दुसरीकडं कुठंतरी बघतो तुझ्यासाठी. अंगणवाडीत…”

“त्ये ऱ्हाऊ द्या. सोमवारपास्नं नळ सुरू हुनार म्हनत्यात. मी नसले तर ओटी कोन बघनार?”

“बघेल कोणीतरी.”

“कोन?”

मी माझं जुनं दळण काढलं. “अक्का, हे असंच चालतं. वरपासून खालपर्यंत सडलेलं आहे सगळं. मी नाही म्हटलं तर शेडबाळे दुसऱ्याकडून करून घेतील. आपण कोण बदलणार? रोज ऐकतेस ना तूही माझा पेपर. काय चाललंय जगात, बघतेस ना?”

तिनं हातातला लसूण सुपात टाकला.

“भाऊसाहेब, मी का ऐकायची तुमचा पेपर, ठावं हाय का?”

“का?”

“तुमी वाचायचा, पूल पडला. मी मनात म्हनायची, हितं कुनीतरी नट बघायचा ऱ्हायला. तुमी वाचायचा, औषदात इख निघालं. मी म्हनायची, हितं कुनीतरी बाटली तपासायची ऱ्हायली. येक येक बातमी म्हंजी कुनाचंतरी ऱ्हायलेलं काम. त्ये ऐकलं की मला सकाळी उठायला नेट यायचा. म्हटलं, आपलं ऱ्हायला नगं. आन तुमी? तुमी त्योच पेपर वाचून हातपाय गाळलं. जग नासलं म्हनून पावडर नासली तरी चालंल, असं कुटं छापलं हुतं?”

तिचा आवाज चढला.

“वीट आलाय मला तुमच्या त्या नासलंय-नासलंयचा. चंपाआजीच्या हातचा च्या पिऊन पिऊन मी तिला म्हनायची, आजी, तुमचं पानी चांगलं हाय. रोज म्हनायची. रोज खरं हुतं. आन तुमी येका किल्लीनं मला खोटी पाडलीसा.”

“तुला माहीत होतं?”

“किल्ली माझ्या कनवटीला हुती. मग पानी काय देवानं सोडलं?”

“मग तू बोलली का नाहीस? शाळेत ती बाई तुझ्यावर थुंकली, तेव्हा तरी?”

शेवंताक्का माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ रागानं बोलणारी बाई एकदम मऊ झाली आणि ते मला रागापेक्षा वाईट वाटलं.

“म्हटलं, तुमी सांगाल,” ती म्हणाली. “मानूस वाईट न्हाई ह्यो, म्हटलं. घाबरलाय. आज सांगंल. सांज व्हायची, तुमी काय सांगायचा न्हाई. सकाळी उठले की पुन्यांदा वाटायचं, आज सांगनार भाऊसाहेब. रोज वाटायचं. आत्ता तुमाला दारात बघितलं, तवाबी वाटलं, आला. सांगायला आला.”

मग तिनं पदराला हात पुसले आणि कागदासाठी हात पुढं केला. “द्या. करते सही. कुटं करायची?”

बातम्या वाचून मला आयुष्यभर दुसऱ्यांची शिसारी आली होती. त्या क्षणी ती पहिल्यांदा माझ्यापर्यंत येऊन पोचली. मी कागद दिला नाही. उठलो आणि निघालो.

त्याच संध्याकाळी मी माझा जबाब लिहिला. पावडर खराब असल्याचं जलसुरक्षकानं तीन आठवडे सांगितलं होतं, तिनं पाणी सोडायला नकार दिला होता, टाकी मी उघडली, रजिस्टर मी आगाऊ भरलं. एकतीस एप्रिलसकट. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन तो शेडबाळ्यांच्या टेबलावर न ठेवता आवकच्या खिडकीवर शिक्का मारून घेऊन दिला. शेडबाळे बाहेर आले, त्यांचं तूप पातळ झालं होतं. “डुबल, डोकं फिरलंय का तुमचं? बायकामुलं आहेत ना?” येताना मी मोटरसायकलला पावडरीचं नवं पोतं बांधून आणलं.

निलंबनाचा हुकूम आठवड्याभरानं हातात पडला. चौदा महिने घरी बसलो, पगारवाढ गेली, बायको सहा महिने माझ्याशी धड बोलली नाही. ते सगळं असो. शेवंताक्काची नोकरी राहिली. गुडघे जाईपर्यंत तिनं पाणी सोडलं.

मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. हुकूम यायचा होता, नळ सुरू व्हायचे होते. सात वाजता मी टाकीवर गेलो. शेवंताक्कानं माझ्याकडे बघून बादली पुढं सरकवली. मी पावडर कालवली. डोळ्यांत पाणी आलं इतका तिला वास होता. अर्धा तास थांबून तिनं पाणी सोडलं आणि आम्ही गावातून चालत निघालो. नळ वाहत होते, पण नळाखाली एक घागर नव्हती. बायका उंबऱ्यात उभ्या राहून वाहतं पाणी बघत होत्या आणि लांबच्या टँकरची वाट बघत होत्या. एवढं पाणी गटारात जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

चंपाआजीच्या दारात दिनकर उभा होता. डोकं भादरलेलं. शेवंताक्काला बघून त्याच्या कपाळावर शीर उठली.

“आलीस व्हय परत? आता कुनाला न्यायचंय?”

“दिनकर,” मी म्हणालो, “तिनं नाही. त्या दिवशी टाकी मी उघडली. ती नको म्हणत होती. मी उघडली.”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. आजूबाजूच्या दारांतलेही सगळे ऐकत होते. मला वाटलं हा आता अंगावर येणार, आणि मी हात खालीच ठेवले. तो दोन पावलं पुढं आला, माझ्या पायाजवळ थुंकला. पचकन. माझ्या चपलेवर उडालं. मी चप्पल हलवली नाही.

नळ तेवढा वाहत होता. दिनकरनं त्याच्याकडे बघितलं, घराकडे बघितलं. आत त्याची तान्ही पोरगी रडत होती.

“आजचं पानी कसं हाय?” त्यानं विचारलं.

मी शेवंताक्काकडे बघितलं. तिनं नळी आणि औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि बाजूला झाली. चार वर्षं मी हजारावर वेळा पॉझिटिव्ह लिहिलं होतं, एकदाही थेंब टाकले नव्हते. नळी भरून आधी विसळून टाकली. पुन्हा भरली. थेंब सोडले. काही झालं नाही. काहीच झालं नाही, आणि मग तळापासून पिवळं चढत वर आलं, लख्ख, डोळ्यांना दिसेल असं.

“आजचं चांगलं आहे,” मी म्हणालो.

दिनकरनं नळी माझ्या हातातून ओढून घेतली, उन्हात धरली, फिरवून फिरवून बघितली. मग घरात तोंड करून बायकोला हाक मारली, “कळशी आन गं.”

ती आली. बिचकत तिनं कळशी नळाखाली लावली. भरत आल्यावर समोरच्या दारातली एक म्हातारी हंडा घेऊन उतरली, तिच्यामागं आणखी एक. दिनकरनं नळी मला परत दिली. माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाला, “उद्या बी यायचं. मला बघायचंय.”